ओली बाजू खाली

पहिल्या दाजीपूर सहलीहून परतायला रात्रीचे साडेदहा वाजले. मुलं आपापल्या पालकांबरोबर पांगली आणि कुणाचं स्वेटर, कुणाची बाटली राहिली आहे का ते बघायला मी बसच्या मागच्या सीटपर्यंत गेले. पायाखाली सगळं कुरकुरत होतं. वेफर्सची पाकिटं, ज्यूसचे पुठ्ठ्याचे डबे, चॉकलेटची चांदी. खिडकीच्या गजाला एक पिशवी अडकवलेली, तिच्यात अर्धा खाल्लेला वडापाव. याच मुलांनी त्या सकाळी पुईखडी ओलांडताना हात पुढे करून शपथ घेतली होती, ‘मी निसर्गात कचरा करणार नाही.’ शपथ मीच सांगितली होती आणि त्याआधी माइक हातात घेऊन पाऊण तास प्लास्टिकवर बोलले होते. मी ड्रायव्हरमामांकडून झाडू मागून घेतला. दोघांनी मिळून बस झाडली. मामा एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

घरी येऊन झोप लागली नाही. डोक्यात त्या दुपारी जंगलातल्या वाटाड्यानं म्हटलेलं एक वाक्य फिरत होतं. साठ मुलांच्या कालव्यात आम्हाला गव्याचा फक्त पार्श्वभाग दिसला होता, तोही झुडपात शिरताना. मुलं कंटाळून एकमेकांच्या टोप्या उडवायला लागली, तेव्हा मी ओशाळून त्याला म्हटलं, “माफ करा हं, ऐकतच नाहीत.” तो म्हणाला, “पोरं चांगली हाईत ओ बाई. पर त्यास्नी हितं कायच काम न्हवतं. नुसतं बगायचं म्हटल्यावर पोर किती येळ बगंल?”

मी विज्ञान शिकवते. वीस वर्षांहून जास्त काळ सातवी ते दहावीच्या वर्गांत आहे. मुलांना पर्यावरण शिकवायला कशाची कमतरता आहे असं मला कधी वाटलं नाही. प्राथमिकला परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षेचं पुस्तक आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच पर्यावरण शिक्षण सगळ्या टप्प्यांवर सक्तीचं करायला सांगितलं होतं. माझ्या वर्गातलं कुठलंही मूल प्रदूषणाचे चार प्रकार आणि त्यावरचे उपाय एका दमात म्हणून दाखवेल. प्रश्न माहितीचा नव्हताच. त्या माहितीला हात फुटले नव्हते. वाटाड्याला जे एका दुपारी दिसलं, ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

खरं तर दिसायला हवं होतं, कारण मी कोल्हापुरात वाढले. या गावानं हातानं काम करून सवयी बदललेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. लहानपणी होळीला आमच्या गल्लीत शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, डोंगर रचायचे. मग हळूहळू ‘शेणी दान करा’ असं सुरू झालं. होळी लहान करायची आणि उरलेल्या शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीत नेऊन द्यायच्या, कारण आपल्याकडे महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि त्याला शेणी लागतात. शेणी डोक्यावरून, सायकलवरून, हातगाड्यावरून नेणारी बहुतेक पोरंच असायची. एकदा पाटीभर शेणी स्मशानात पोहोचवून आलेल्या पोराला होळीत किती जाळायचं हे कुणी सांगावं लागत नाही. गणपतीचंही तसंच. घाटावर कॉलेजची मुलं हात जोडून उभी राहायची, ‘मूर्ती दान करा, निर्माल्य इथं द्या.’ सुरुवातीला लोक चिडायचे, वाद घालायचे. आज घरगुती गणपती पाणी भरून ठेवलेल्या मोठ्या काहिलीत किंवा इराणी खण या दगडाच्या जुन्या खाणीत विसर्जित करताना कितीतरी घरांना वेगळं काही केल्यासारखं वाटत नाही. भाषणानं हे झालं नाही. दरवर्षी कुणीतरी भिजत, शिव्या खात, दोन्ही हात पुढे करून उभं राहिलं म्हणून झालं.

मग पुढच्या वर्षी सहल आखताना मी ठिकाणांची यादी केलीच नाही. एकच ठरवलं, की आपल्या घरातल्या पाण्याच्या मागं मागं जायचं. डोंगरातून येतं तिथून, आपल्या घरातून जातं तिथपर्यंत.

जायच्या आठवडाभर आधी मुलांना दोन प्रश्न दिले. तुमच्या घरात पाणी कुठून येतं? आणि घरातून गेलेलं पाणी कुठं जातं? पहिल्याचं उत्तर ‘टाकीतून’, फार तर ‘बालिंग्याहून’, म्हणजे नदीवरच्या उपसा केंद्रातून. काळम्मावाडी धरणातून थेट शहरात पाणी आणलंय, म्हणून एका मुलानं ‘थेट पाइपलाइनमधून’ असं अभिमानानं लिहून आणलं होतं. दुसऱ्याचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं, ‘गटारीत.’ “आणि गटारीतून पुढं?” वर्ग गप्प. खिडकीजवळची एक मुलगी, एरवी वर्षात दहा वाक्यं न बोलणारी, दबक्या आवाजात म्हणाली, “बाई, गटार संपते कुठं?” मी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला आणि आठवडाभर पुसला नाही.

या वेळी साठऐवजी तीसच मुलं घेतली. दोन फेऱ्या कराव्या लागल्या, तरी चालेल म्हटलं. प्रत्येकाकडे स्टीलचा डबा आणि घरची बाटली. आणखी सामान होतं ते असं: प्रयोगशाळेतला ताणकाटा, सात-आठ पांढऱ्या बशा, एक भिंग दर चार मुलांमागं, आणि दोरीला बांधलेली एक पांढरी ताटली. तिला खाली दगड बांधलेला आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारलेल्या. ताटली पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाणी किती नितळ आहे ते मुलांना गाठींच्या भाषेत कळतं. याहून महाग उपकरण लागलं नाही.

दाजीपूर कोल्हापुरापासून साधारण ८० किलोमीटर. संस्थानच्या काळात हे शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव लागलं. एवढी माहिती मी बसमध्ये दोन मिनिटांत सांगितली आणि माइक ठेवून दिला. बाकी रस्ताच बोलतो. भोगावती कधी डाव्या हाताला दिसते, कधी उसाआड जाते. मुलांना एवढंच सांगितलं होतं, की नदी दिसली की वहीत खूण करा आणि पाण्याचा रंग लिहा.

अभयारण्यातला दगडसुद्धा हलवायचा नसतो, म्हणून आम्ही आमचं काम हद्दीबाहेरच्या, गावाखालच्या एका ओढ्यात केलं. वाटाड्या तोच. जानेवारीचं ऊन जांभळीच्या पानांतून गळत होतं आणि पाणी घोट्याएवढं, इतकं गार की पहिल्यांदा पाय घालताना पोरी किंचाळल्या. ताटली सोडायचा काही उपयोग नव्हता, ती तळाला टेकली तरी लख्ख दिसत होती. गाठी मोजायलाच मिळेनात म्हणून एक मुलगा हिरमुसला.

वाटाड्यानं पाण्यात बसून दोन्ही हातांनी भाकरीएवढा एक दगड उचलला आणि उलटा केला. मुलं वाकली. आधी काहीच दिसेना, नुसता ओला काळा दगड. मग त्या ओलाव्यात एक चपटा ठिपका सरकला. भिंग लावलं तर सहा पाय, शेपटाला तीन दोरे, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले, ते सारखे थरथरत होते. अंगात पाणी ओढून घेतल्यासारखे. शेजारी दगडाला चिकटलेली वाळूची नळी होती, बोटाच्या नखाएवढी. एका मुलानं ती काडी समजून झटकायला बोट नेलं, तेवढ्यात नळीच्या तोंडातून इवलंसं डोकं बाहेर आलं आणि आत गेलं. तो किडा आपल्या तोंडातल्या रेशमानं वाळूचा एकेक कण जोडून घर बांधतो आणि त्यातच राहतो. कण कसे निवडलेले! जवळजवळ एकाच मापाचे, गवंड्यानं गिलाव्याची वाळू चाळून घ्यावी तसे. तीस मुलं होती आणि ओढ्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत ‘गप्प बसा’ न म्हणता एवढा गप्प वर्ग मी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, अशा जिवांना भरपूर प्राणवायू असलेलंच पाणी लागतं, घाण पाण्यात ते टिकत नाहीत. म्हणून ते दिसले की समजायचं, पाणी ठीक आहे. प्रयोगशाळेचा दाखला नंतर, यांचा आधी.

मुलांनी मग स्वतः दगड उचलायला सुरुवात केली. बघून झालं की टाकून देत होती. वाटाड्यानं हात वर केला. “थांबा, थांबा. कुणाचं घर उचाकलंय ते ठावं हाय न्हवं? हुतं तिथंच ठेवायचं. आन ओली बाजू खाली. वरची बाजू वर राहिली न्हाई तर खालचं उनात मरत्यात.” मग ओढ्यात तीस मुलांच्या तोंडी एकच वाक्य सुरू झालं. कुणी विसरलं की शेजारचा ओरडायचा, “ए, ओली बाजू खाली!”

येताना राधानगरीचं धरण पाहिलं. राजर्षी शाहू महाराजांनी हे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलं. पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी कोल्हापुरात पोटात गोळा आणते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आमच्या मुलांना पाढ्यांआधी पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा यातली कित्येक मुलं लहान होती, पण माळ्यावर काढलेल्या रात्री त्यांना आठवतात. सुतारवाड्याकडचा एक मुलगा दरवाजाकडे बघत बराच वेळ उभा होता. “हेच पाणी येतं व्हय आमच्यात?” एवढंच म्हणाला.

दुपारी एका गुऱ्हाळावर थांबलो. ताजा गूळ खायचा म्हणून मुलं खूश, पण मला त्यांना चुलवाण, म्हणजे रस उकळायची भट्टी, दाखवायचं होतं. उसाचा रस काढून उरलेली चिपाडं अंगणात वाळत घातली होती आणि तीच चुलवाणात जात होती. रस उकळताना भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढून बाजूला. गुळव्यानं काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटानं चाचपला आणि म्हणाला, “अजून दोन कढ.” मुलांना मी फक्त एक काम दिलं होतं: इथून काय काय फेकलं जातंय ते शोधा. अर्धा तास फिरून त्यांना फेकण्यासारखं सापडलं ते आपणच आणलेलं, बिस्किटाच्या पुड्याचा कागद. शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून बाटल्यांच्या फुलदाण्या करून घेण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं बघणं मला मोलाचं वाटतं.

परत निघताना सगळ्यांचा कचरा एका पिशवीत घालून ताणकाट्याला टांगला. काटा किलोच्या खूप अलीकडे थांबला. कुणी शपथ घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवसाची सहल शहरातच होती, आणि तिच्यावरून मला बोलणी बसली. एका पालकांचा फोन आला, “बाई, पैसे भरलेत ते पोरांना गटारं दाखवायला का?” त्यांचा राग मला समजला. सहल म्हणजे पोरांना काहीतरी छान दाखवायचं, एवढी साधी माया त्यामागं होती. मी त्यांना म्हटलं, काका, काल त्यांनी छान ते पाहिलंय. आज तेच पाणी आपण काय करून पुढं पाठवतो ते पाहतील. अर्धी गोष्ट सांगून पोरांना घरी कसं पाठवू? त्यांनी फोन ठेवला, पण मुलाला पाठवलं.

सकाळी प्रयाग चिखलीला गेलो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, या पाचांची इथं पंचगंगा होते आणि पुढं सुमारे ८० किलोमीटर वाहत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. ताटली सोडली. काल मोजायला न मिळालेल्या गाठी आज मोजल्या. मग शहरात आलो, जयंती नाल्यावर. कळंबा-कात्यायनीकडून येणारी ही एकेकाळची नदी. जुनी माणसं अजून जयंती नदी म्हणतात. मुलांना काठावर, कठड्याच्या आत उभं केलं. मी हातमोजे आणि गमबूट घालून खाली उतरले आणि ताटली सोडली. पहिली गाठ बुडायच्या आत ती दिसेनाशी झाली.

कडेचा एक दगड चिमट्यानं उचलून बशीत ठेवला आणि वर आणला. नाकाला रुमाल लावून मुलं वाकली. दगडाखाली काळा चिखल, आणि त्यात लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. दुसरं काहीच नाही. काल तीन शेपटांचे होते, वाळूची घरं होती. आज एकच जात. “या अळ्या घाण असतात का?” एकानं विचारलं. नाही. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखाच लाल पदार्थ असतो, हिमोग्लोबिन, त्यामुळं जिथं प्राणवायू जवळजवळ नाही तिथंही त्या जगू शकतात. त्या घाण नाहीत. बाकी सगळे निघून गेल्यावर मागं राहिलेल्या आहेत.

ती खिडकीजवळची मुलगी नाल्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, “बाई, आमचं घर तिथं मागं आहे.” मग थोड्या वेळानं, “म्हणजे गटार इथं संपते.” मी म्हटलं, इथंही नाही, चल.

नाल्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या सांडपाणी केंद्रात नेतात. रोज ७ कोटी ६० लाख लिटर पाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता. रीतसर परवानगी घेऊन गेलो होतो. टाक्या, पंखे, हवा सोडणाऱ्या नळ्या हे सगळं मुलांनी पाहिलं, पण ती थबकली पहिल्याच ठिकाणी, जाळीपाशी. येणारं सांडपाणी तिथं गाळलं जातं आणि अडकलेलं बाहेर काढतात. तिथल्या कामगारदादांनी दाताळ्यानं ओढून दाखवलं: गुटख्याच्या पुड्या, शॅम्पूच्या पुड्या, चिंध्या, कागदात न गुंडाळता टाकलेले पॅड, देवघरातली फुलं, एका बाहुलीचा हात. “ह्ये रोज. पावसात इचारू नका,” ते म्हणाले. मुली एकमेकींकडे बघत होत्या. एका मुलीनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, “बाई, हे हातानं काढतात?” तिच्या घरात त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते मला नंतर तिच्या आईकडून कळलं. ते इथं लिहीत नाही, पण एका घराचा फ्लश त्यानंतर कचऱ्याचा डबा राहिला नाही.

नाल्यातलं जे पाणी जोराच्या पावसात या केंद्रापर्यंत पोहोचत नाही, ते नदीत जातं. खाली इचलकरंजी आहे, शिरोळ आहे, तिथली माणसं आहेत. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. मुलांना हे सांगताना मी आवाज चढवला नाही. खाली राहणाऱ्यांत त्यांच्याच मामा-मावशा आहेत, हे त्यांचं त्यांनी मोजलं.

तीसच्या तीस मुलं बदलली असं मी म्हणणार नाही. काहींनी परत येऊन त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावर पाकिटं टाकली. पण गडमुडशिंगीकडून येणारा एक मुलगा, ऊस असलेल्या घरातला, त्यानं गुऱ्हाळावर न विचारलेला प्रश्न घरी विचारला. चिपाड जळतं ते कामाला येतं, मग तोडणीनंतर शेतात उरणारा वाळका पाला, पाचट, नुसतंच का पेटवतो? आजोबांनी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. पाचट ठेवलं तर उंदीर होतात, पाणी द्यायला अडचण होते, बुडखे छाटावे लागतात. आबांचं म्हणणं खोटं नव्हतं, कष्ट वाढतातच. पोर हट्टाला पेटलं. शेवटी आबांनी खोडव्यातले, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटलेल्या पिकातले, दहा गुंठे त्याच्या नावानं सोडले, “घे, ह्यात तुझं काय ते कर.” त्यानं मामाला धरून बुडखे छाटले, सरीत पाचट पसरलं, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकलं. ओल टिकली आणि उन्हाळ्यात त्या दहा गुंठ्यांना पाण्याची पाळी चार दिवस उशिरा लागली, हे आबांनीच मला पालकसभेत सांगितलं. उरलेलं पाचट त्यांनी त्याही वर्षी पेटवलं. मला दहा गुंठे पुरेसे वाटतात.

हल्ली ‘निसर्ग पर्यटन’ पुष्कळ वाढलं आहे. जंगलाच्या तोंडाशी रिसॉर्ट, दारात हिरवी पाटी, आणि आत प्रत्येक टेबलावर पाण्याच्या चार-चार प्लास्टिकच्या बाटल्या. मुलांना तिथं नेऊन झाडाला मिठी मारतानाचे फोटो काढतात. त्या मुलांचं काही वाईट होत नसेल, पण ती तिथं पाहुणी असतात, आणि पाहुण्याला घर आवरायला कुणी सांगत नाही. लांब जायलाच हवं असंही नाही. शिवाजी विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर आहे. तिथं पावसाचं पाणी तळ्या-विहिरींत अडवून कसं वापरतात ते एका सकाळी पाहता येतं. रंकाळा तलावावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, काढायला एक तास कमरेएवढ्या पाण्याच्या कडेला उभं राहिलं तरी पुरे. ओल्या केंदाळाची एक पाटी उचलून बघा, खांदा दुसऱ्या दिवशीही सांगतो.

गेल्या जानेवारीत पुन्हा तीच सहल निघाली. ती खिडकीजवळची मुलगी आता नववीत आहे. ती स्वतःहून आली, “बाई, सातवीच्या मुलांना सांभाळायला येऊ का?” ओढ्यावर तिनंच पहिला दगड उचलला. दुसऱ्या दिवशी जयंती नाल्यावर हातमोजे आणि गमबूट तिनं मागून घेतले. तिला खाली उतरू द्यावं की नाही याचा मी दोनदा विचार केला, मग तिचा दंड धरून बरोबर उतरले. तिनं चिमट्यानं दगड काढला, बशीत घेतला, वर उभ्या असलेल्या पोरांना लाल अळ्या दाखवल्या. पोरं “ईऽऽ” म्हणून मागं सरली. एकानं वरून ओरडून सांगितलं, “ताई, फेकून दे!”

तिनं मान हलवली. वाकून दगड होता त्या खळग्यात टेकवला. तो थोडा कलला, तेव्हा पुन्हा उचलून चिखलाची बाजू नीट खाली बसवली, आणि हात काढून घेण्याआधी क्षणभर तसाच दाबून धरला.